मंजुळेच्या चाकाखालचं लिंबू

"एक फूट! एक इंच जास्त नाहीं, एक इंच कमी नाहीं!"

पद्मनाभरावांनी ताटाशेजारी कागद पसरला आणि तो उडू नये म्हणून त्यावर रसमची वाटी ठेवली. कागदावर एक विमान होतं. विमानाला दोन चाकं होती, प्रत्येक चाकापुढे एक लिंबू होतं आणि लिंबापासून निघालेल्या बाणावर बारीक, सुबक अक्षरात लिहिलं होतं : बारा इंच.

"विमान पुढें सरेल, लिंबें फुटतील, विमान थांबेल. अस्कें गणित झालें आहे, वसंता!" (अस्कें म्हणजे सगळं; तंजावरकडची जुनी मराठी ती.)

"वाटी गळते आहे," वसंताबाई म्हणाल्या.

पद्मनाभराव म्हणजे कुंभकोणम विमान इतिहास मंडळाचे संस्थापक आणि तहहयात अध्यक्ष. मंडळाचे सभासद एकूण सात, त्यांतले नियमित तीन, आणि त्या तिघांतले एक पद्मनाभराव स्वतः! पस्तीस वर्षं त्यांनी सरकारी कालवा विभागात ड्राफ्ट्समन म्हणून कावेरीच्या फाट्यांचे उतार कागदावर काढले, पण जीव सगळा आकाशात. कोणतं विमान कोणत्या साली उडालं, त्याच्या पंख्याला पाती किती, इंजिन कुठल्या बाजूला गळायचं, सगळं तोंडपाठ. नवरात्रात घरी कोलू मांडायचा, पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या सजवायच्या, तर तिथंही लक्ष्मी आणि सरस्वतीच्या मधे एक लाकडी विमान बसलेलं असे. हळदीकुंकवाला आलेल्या बायका चुकून त्यालाही नमस्कार करून जात.

आता एक गोष्ट सांगतो, ती आपल्यातच राहू द्या. हा माणूस सहासष्ट वर्षांच्या आयुष्यात एकदाही विमानात बसून उडाला नव्हता! कारण साधं होतं. त्यांना भीती वाटे. विमान उभं असलं की ते त्यांचं दैवत, हललं की हे चार पावलं मागे. आणि विमानांचा इतिहास पाठ असल्यामुळे कोणतं विमान कधी कुठं पडलं तेही पाठ! हे गुपित त्यांनी इतकी वर्षं जिवापाड जपलं होतं. मंडळाला ठाऊक नव्हतं, मुलीला ठाऊक नव्हतं, वसंताबाईंनाही ठाऊक नव्हतं. निदान पद्मनाभरावांची तशी समजूत होती.

पण यंदा पंचाईत झाली होती. मुलगी चैत्रा पुण्यात, दिवस भरत आलेले, पहिली खेप. तिनं आईवडिलांची विमानाची तिकिटं काढून पाठवली होती. दसऱ्यानंतर नवव्या दिवशी तिरुच्चीहून निघायचं, चेन्नईला विमान बदलायचं, संध्याकाळी पुण्यात. वसंताबाईंचा उजवा गुडघा असा, की आगगाडीचा दीड दिवसाचा प्रवास आणि मधे दोनदा जिने चढणं त्यांना शक्यच नव्हतं. तिकिटं आल्यापासून त्यांनी डिंकाचे लाडू दोनदा केले, आणि दोनदा शेजारी वाटून टाकले, कारण पद्मनाभराव रोज नवं कारण काढत. एक दिवस म्हणाले, त्या जातीच्या विमानाची शेपटी मला पसंत नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ऑक्टोबरात वाऱ्याची दिशा फिरते.

"अप्पा," चैत्रा फोनवर म्हणाली, "बाळ वाऱ्याची दिशा बघून येत नाहीं!"

"तूं पुढें जा, वसंता. मी मागाहून गाडीनें येतों."

"तुम्हीं नाहीं तर मीही नाहीं," वसंताबाई म्हणाल्या. "तुम्हांस एकटें सोडलें तर तीन वेळ ताकभात खाल. आपले लोक साडेतीनशें वर्षांमागें घोड्यावर बसून इतक्या लांब आले म्हणतां तुम्हींच. परत जायला अर्धा दिवस, तेवढेंही होत नाहीं?"

त्या रात्री वसंताबाई कूस बदलून भिंतीकडे तोंड करून निजल्या. त्या रडत नव्हत्या, पण झोपल्याही नव्हत्या, हे पद्मनाभरावांना कळत होतं आणि त्यांना स्वतःचा फार राग आला. पण भीती ही काही रागाला भिणारी वस्तू नाही. तिकिटं कोलूच्या सर्वात खालच्या पायरीवर, मातीच्या वाण्याच्या बाहुलीखाली तशीच राहिली.

आणि मधेच आयुधपूजा आली.

तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो, आयुधपूजेच्या दिवशी कुंभकोणमात चंदनाचा टिळा लागल्यावाचून एकही यंत्र सुटत नाही. शिलाईचं यंत्र, भाताची गिरणी, बस, सायकल. मंडळाचे चिटणीस हरिकृष्ण हे दातांचे डॉक्टर, त्यांच्या दवाखान्यात दाढ उपटायच्या पकडीलाही कुंकू लागतं! आणि ज्याला चाक आहे, त्याच्या चाकाखाली लिंबू ठेवून ते वाहन त्यावरून पुढे घ्यायचं. लिंबू फुटलं की वर्षभर त्या वाहनाला काही होत नाही.

अरसलार नदीचा पूल ओलांडून साक्कोट्टैला जाताना मंडळाचे तिसरे नियमित सभासद शेषाद्री यांची जुनी भातगिरणी लागते. गिरणी बंद पडल्यावर शेषाद्रींनी तिच्यात मोडीत निघालेली विमानं आणून उभी केली होती. एक औषध फवारणारं, एक नुसतंच नाक असलेलं, आणि एक पिवळं, दोन आसनांचं शिकाऊ विमान, त्याचं नाव मंजुळा. दारावर पाटी होती, 'कृपया हात लावा'. इथं यायचं, पंखा फिरवायचा, आत बसायचं, दांडा ओढायचा, कोणी रागावणार नाही. मंजुळेत पुढे एक माणूस बसे आणि मागे एक. दोघांपुढेही एकेक दांडा आणि पायाशी दोन पट्ट्या. ब्रेक मात्र कधीच निकामी झालेले. चाकांपुढे दोन लाकडी ठोकळे होते, तेच मंजुळेचे ब्रेक. पद्मनाभराव दर रविवारी तिच्यात बसून व्याख्यान देत. जे हलत नाही, त्यात बसायला भीती कसली?

"नुसतं चंदन लावून काय होतं?" यंदा शेषाद्री म्हणाले. (गिरणीत बोलणं अर्थातच तमिळमध्ये चाले. तुमच्यासाठी मराठीत सांगतोय; फक्त 'सार', म्हणजे सर, तसंच ठेवलंय.) "चाक लिंबावरून गेलं नाही तर ते वाहन कसलं? शोभेची वस्तू ती!"

मंजुळेला शोभेची वस्तू म्हणणं पद्मनाभरावांना कसं सोसवणार? त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "मंजुळा लिंबावरून जाईल. बरोब्बर एक फूट! नकाशा मी काढतो!"

तर आयुधपूजेच्या दिवशी सकाळी दहा वाजता मंजुळा नेहमीसारखीच गिरणीच्या दारातून अंगणात अर्धी बाहेर उभी होती. नाकाला झेंडूचा हार, पंख्याच्या दोन्ही पात्यांना चंदनाची बोटं. समोर गिरणीचं मोठं सिमेंटचं अंगण, त्यावर कुरुवैचं, म्हणजे पहिल्या हंगामाचं, नवं भात वाळत घातलेलं. अंगणाची राखण धनलक्ष्मीकडे. ती हातात लाकडी दाताळं घेऊन कंबरेवर हात ठेवून उभी होती. या अंगणात भाताखेरीज जे जे काही येतं ते अतिक्रमण, असं तिचं ठाम मत होतं.

"भातावर चाक आलं तर बघा," ती म्हणाली.

"बाई, एक फूट!" पद्मनाभरावांनी नकाशा दाखवला. तिनं तो उलटा धरून पाहिला आणि परत दिला.

"पूजेला जोडपं बसायला हवं," हरिकृष्ण म्हणाले. "सार, तुम्ही मागं बसा. मामी पुढं बसतील."

वसंताबाईंनी गुडघा सांभाळत, शेषाद्रींच्या खांद्याचा आधार घेत पाय वर टाकला आणि ताट मांडीवर घेऊन पुढच्या आसनात बसल्या. अकरा वर्षं त्या दर रविवारी थर्मास घेऊन इथं येत, व्याख्यान चालू असताना सगळ्यांना कॉफी ओतत, पण मंजुळेत त्या आज पहिल्यांदा बसत होत्या. मागच्या आसनातून पद्मनाभरावांना त्यांच्या अंबाड्यावरचा मोगऱ्याचा गजरा तेवढा दिसत होता.

शेषाद्रींनी कोहळा फोडला. कापूर ओवाळला. चाकांपुढचे ठोकळे ओढून काखांत मारले आणि त्या जागी एकेक लिंबू ठेवलं. मग एका पंखाला शेषाद्री, दुसऱ्याला हरिकृष्ण.

"ढकला!" पद्मनाभरावांनी हात वर केला.

मंजुळा कुरकुरली. मग हलली! उजव्या चाकाखाली फच्च आवाज झाला. कित्येक वर्षांत ती पहिल्यांदाच आपल्या चाकांवर फिरत होती.

"सहा इंच! नऊ! बारा! बास!"

आज्ञाधारक माणसं ती! बास म्हटल्याबरोबर दोघांनी हात काढून घेतले आणि टाळ्या वाजवल्या.

मंजुळा मात्र थांबली नाही.

आता भातगिरणीचं अंगण कधी सपाट नसतं. पावसाचं पाणी साचून भात कुजू नये म्हणून त्याला मुद्दाम उतार दिलेला असतो. या अंगणाला तर शंभराला तीनचा होता, थेट खालच्या पाटापर्यंत. साऱ्या तालुक्यात हे एका नजरेत ओळखेल असा एकच माणूस होता, आणि तो नकाशा काढताना फक्त लिंबं मोजत बसला होता!

"दोन फूट!" पद्मनाभराव सवयीनं म्हणाले. "तीन. चार..." विमान चाललं होतं. विमानात ते होते.

"सार, ब्रेक!" मागून शेषाद्री ओरडले.

"ब्रेक तुमच्या काखेत आहेत हो!" हरिकृष्ण ओरडले, आणि खरंच, शेषाद्रींच्या दोन्ही काखांत दोन ठोकळे होते!

मंजुळा भातात शिरली. चाकांखाली भात सरसरू लागलं. धनलक्ष्मी दाताळं उगारून समोर आली, पण हे अतिक्रमण काही ऐकणारं दिसेना, तेव्हा तीच बाजूला झाली. पुढे सरळ पाट होता आणि पाटात कमरेएवढं पाणी. पद्मनाभरावांनी डोळे गच्च मिटले, दोन्ही हातांनी आसनाची कड धरली, आणि सहासष्ट वर्षांचं गुपित त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

"थांबवा! मला भीती वाटते! विमानाची भीती वाटते! लहानपणापासून वाटते!"

आधी तमिळमध्ये. मग, राहून जायला नको म्हणून, मराठीत. साक्कोट्टैच्या शिवाच्या देवळापर्यंत ते ऐकू गेलं असं म्हणतात.

तेवढ्यात मंजुळेनं डावीकडे वळण घेतलं. अगदी अलगद! पाटाला पाठ दाखवून ती कोपऱ्यात रचलेल्या भाताच्या राशीकडे निघाली आणि तिनं राशीत नाक खुपसलं. शेपटी जराशी उचलली गेली, परत खाली टेकली. सगळं शांत झालं. वरून भाताचे दाणे दोघांच्या डोक्यावर सावकाश पडत राहिले. असे दाणे त्यांच्या डोक्यावर एकदाच पडले होते, छत्तीस वर्षांमागे, लग्नात.

"डोळे उघडा," पुढून वसंताबाईंचा आवाज आला. "थांबलें आहे."

"पाटांत आहों कीं बाहेर?"

"बाहेर. भातांत."

पद्मनाभरावांनी एक डोळा उघडला आणि पुढच्या आसनावरून वाकून पाहिलं. मांडीवरचं ताट वसंताबाईंनी डाव्या हातानं घट्ट धरलेलं, त्यातलं कुंकूसुद्धा सांडलं नव्हतं. उजवा हात दांड्यावर. पाय अजून डाव्या पट्टीवर दाबलेला.

"हें तूं वळवलेंस?"

"डावी पट्टी दाबली कीं मागचें लहान चाक फिरतें आणि विमान डावीकडें जातें. घाईनें दाबूं नये, हळू दाबावी," वसंताबाई म्हणाल्या. "अकरा वर्षें दर रविवारीं सांगतां आहां. कॉफी ओततांना कान बंद ठेवायचे असतात का?"

आजवर आपलं व्याख्यान कोणी शेवटपर्यंत ऐकलं असेल असं पद्मनाभरावांना कधी वाटलंच नव्हतं.

हरिकृष्ण आणि शेषाद्री धावत आले. हात, पाय, मान, मंजुळेचा पंखा, सगळं जाग्यावर आहे याची खात्री झाली. पद्मनाभरावांनी केसांतले दाणे झटकले आणि खाली बघत विचारलं, "तुम्ही ऐकलंत?"

"काय, सार?"

"मी जे ओरडलो ते."

"ते होय!" शेषाद्री म्हणाले. "ते आम्हाला बंगळूरपासून ठाऊक आहे."

आठ वर्षांपूर्वी मंडळ बंगळूरला विमानांचा मेळावा बघायला गेलं होतं. तिथं एका लहान विमानातून दहा मिनिटांची फेरी मिळत होती. तेव्हा पद्मनाभरावांच्या पोटात अचानक कळ आली, आणि फेऱ्या संपल्याबरोबर अचानक थांबली होती.

"पण मग पुढच्या सगळ्या सहलींना तुम्ही आगगाडीच का धरलीत? हरिकृष्ण, विमानाच्या खुर्चीत तुमची पाठ दुखते म्हणाला होतात ना?"

"मी दातांचा डॉक्टर, सार. दिवसभर वाकून उभा असतो," हरिकृष्ण ओशाळून म्हणाले. "आगगाडीच्या वरच्या बर्थवर तर माझी पाठ जास्तच दुखते!"

हैदराबाद. नागपूर. दिल्ली, दोनदा. पद्मनाभरावांना एकेक वरचा बर्थ आठवला, आणि त्यावर कण्हत कूस बदलणारे हरिकृष्ण आठवले. आयुष्यभर आपण एकटेच एक गुपित जपतोय अशा तोऱ्यात ते वावरले, आणि इकडे ही माणसं त्यांच्यासकट ते गुपित जपत आली होती.

"भीती वाटते तर वाटू दे!" धनलक्ष्मी मधे पडली. "माणसाला वाटायचीच. पण माझं भात कोण सारखं करणार?"

आणि तिनं चार दाताळी आणून चौघांच्या हातांत दिली. वसंताबाईंचा गुडघा पाहून त्यांचं परत घेतलं आणि त्यांना सावलीत स्टुलावर बसवलं. कुंभकोणम विमान इतिहास मंडळानं दुपारी अडीचपर्यंत भात ओढलं. चाकांच्या खुणा पुसल्या गेल्या, तरी धनलक्ष्मी म्हणायची, "तिथं पातळ झालंय, अध्यक्ष, तिथं!"

ओढता ओढता पद्मनाभराव सावलीकडे आले.

"वसंता, तुज निकट खोटें बोललों. शेपटीचें, वाऱ्याचें, अस्कें."

"ठाऊक आहे."

"तुज भीती नाहीं वाटली?"

"वाटली," वसंताबाई म्हणाल्या. "पोर तिकडें एकटी आहे ती भीती त्याहून मोठी. म्हणून हिच्याकडें लक्ष गेलें नाहीं."

पद्मनाभरावांनी हातातलं दाताळं खाली ठेवलं.

"तूं पुढें बसशील?"

"त्या विमानांत नवराबायको शेजारीं बसतात हो!"

"मग जाऊं," पद्मनाभराव म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच दचकायला झालं.

वसंताबाईंनी पदरानं डोळे टिपले, आणि भाताची धूळ फार उडते म्हणून धनलक्ष्मीवर उगाच रागावल्या. घरी गेल्याबरोबर त्यांनी तिसऱ्यांदा डिंक तळायला घेतला.

गोष्ट इथं संपली असती तर पद्मनाभरावांची अब्रू राहिली असती. पण निघता निघता त्यांना दारापाशी काहीतरी दिसलं. डावं लिंबू! ते चाकाखालून निसटून कडेला गेलं होतं. हिरवंगार, टणक, एक ओरखडा नाही. त्यांनी ते उचलून हळूच खिशात घातलं.

नऊ दिवस ते लिंबू घरी फ्रिजमध्ये राहिलं. वसंताबाईंनी त्याचं सरबत करायला हात घातला तर पद्मनाभराव घाईनं म्हणत, "तें नक्को! तें दुसऱ्या कामाचें आहे." त्यांनी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी हरिकृष्णांनी दोघांना आपल्या गाडीतून तिरुच्चीच्या विमानतळावर सोडलं. ट्रॉलीवर दोन पेट्या, एक लाडवांचा डबा आणि बाळासाठी शिवलेली दुपटी. आत जायच्या दारापाशी पद्मनाभराव थबकले. आतून एका विमानाची घरघर ऐकू आली. त्यांचा हात डाव्या खिशात गेला.

"वसंता, एक अडचण आहे." त्यांनी लिंबू बाहेर काढून तळहातावर धरलं. "डावें फुटलेंच नाहीं. पूजा अपुरी राहिली. अपुऱ्या पूजेनें हवेंत जाणें बरें नव्हे. मी आपलें शास्त्राचें सांगतों. पुढच्या आठवड्यांत तिकिटें मिळतील..."

वसंताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही. छत्तीस वर्षं ज्या नजरेनं पाहत आल्या होत्या त्याच नजरेनं. मग त्यांनी त्यांच्या हातातलं लिंबू घेतलं, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश वाकल्या, ते ट्रॉलीच्या डाव्या चाकापुढे ठेवलं, उठल्या आणि ट्रॉली दोन्ही हातांनी पुढे ढकलली.

फच्च!

"झाली पूजा," त्या म्हणाल्या. "चला. बेगी."

पद्मनाभराव फुटलेल्या लिंबाकडे बघत राहिले. दारावरच्या पहारेकऱ्यानं लिंबू पाहिलं, त्यालाही आयुधपूजा ठाऊक होती, त्यानं आदरानं ट्रॉलीला वाट दिली. आता दुसरा इलाज नव्हता. अध्यक्ष दोन पावलं चालले. तिसऱ्या पावलाला त्यांचा दुसरा हात हळूच दुसऱ्या खिशाकडे निघाला.

वसंताबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. ट्रॉली मात्र थांबवली.

"उजव्या खिशांतलें लिंबूही काढा," त्या म्हणाल्या, "उजवें चाक अजून मोकळेंच आहे."